मेणाच्या नळीत न मावलेला वाल्स

ठाण्याच्या खाडीकाठच्या किरिस्तांव वाडीत अल्फान्सोइतका दिलदार माणूस नव्हता, आणि त्याच्याइतका कंजूषही नव्हता. दारी आलेल्याला तो आपल्या ताटातली मासळी उचलून वाढायचा, मिठागरात आजारी सोबत्याचं काम आपण होऊन अंगावर घ्यायचा. पण आपल्या वाल्सचा एक सूरही तो कोणाला द्यायचा नाही.

वाल्स म्हणजे जोडीनं गोल फिरत नाचायचा, तीन ठोक्यांचा साहेबी नाच, आणि त्या नाचाची चाल. तशा चाली वाडीत पुष्कळांना येत. चर्चच्या शाळेत फिडल शिकलेला जो तो लग्नाच्या मांडवात दोन-चार वाजवून भाव खायचा. अल्फान्सोचा वाल्स मात्र वेगळा होता. त्याच्या आज्यानं तो कधीकाळी गोऱ्या पलटणीच्या बँडवाल्याकडून उचललेला, बापानं त्यात पदरचं घातलेलं, आणि अल्फान्सोनं चाळीस वर्षं वाजवून तो इतका घासूनपुसून काढला होता की मूळ बँडवाल्यालाही ओळखू आला नसता. कागदावर तो कधी उतरला नाही. त्याला नावसुद्धा नव्हतं. सगळे नुसतं 'अल्फान्सोचा वाल्स' म्हणायचे.

त्याचे भाग तीन. पहिला ठसक्यात चालणारा, दुसरा खोडकर, आणि तिसरा अगदी संथ. तिसरा सुरू झाला की मांडवातली बाकीची जोडपी बाजूला व्हायची आणि नवरीचा बाप लेकीचा हात धरून एकटा तिच्याबरोबर फिरायचा. चाल संपली की मुलगी सासरची. वाडीतल्या बायकांनी त्या तिसऱ्या भागावर किती पदर भिजवले असतील याची गणती नाही.

आता गंमत बघा. वाडीतल्या एकूण एक बापाला लेकीबरोबर फिरवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या थोरल्या मुलीच्या, व्हिक्टोरियाच्या लग्नात मात्र फिरता आलं नाही. फिरणार कसा? तो वाजवत होता. व्हिक्टोरिया मामाबरोबर फिरली. त्याचं अल्फान्सोला त्या वेळी काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी आपला गज तारेवर कसा लागला होता, हेच तो पुढं आठवडाभर सांगत सुटला होता. त्याची बायको ॲनी ते ऐकून घ्यायची आणि चुलीकडे वळायची.

खाडीपलीकडच्या कळव्यात पॉल नावाचा एक फिडलवाला होता. अल्फान्सोपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हात गोड, आणि या वाल्सवर त्याचा जीव जडलेला. एकदा तो मांडवाच्या कुडामागं उभा राहून ऐकत असल्याचं अल्फान्सोच्या लक्षात आलं. त्यानं काय करावं? दुसऱ्या भागात चार ठिकाणी भलतेच सूर घातले आणि तिसरा भाग आलाच नाही असं करून थांबला. नवरीचा बाप हात पुढं करून तसाच उभा. पॉल निघून गेल्याची खात्री झाल्यावर मग तिसरा भाग वाजला. इतका हा माणूस हट्टी.

आणि मग त्याचा हातच फिरला. डाव्या तळहातात, करंगळीच्या मुळाशी, हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखेना की खुपेना. पण हळूहळू करंगळी आत वळू लागली, आणि तिच्यामागून शेजारचं बोटही. दोन वर्षांत अशी पाळी आली की हात जमिनीवर सपाट टेकेना. वाडीत कुजबुज झाली तेव्हा ॲनी त्याला सरकारी डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं सुया टोचून पाहिल्या, महारोग नाही म्हणून सांगितलं, आणि औषधही नाही म्हणून सांगितलं. बोटं अशीच मिटत जाणार.

नेमकं त्याच सुमारास, म्हणजे अठराशे नव्व्याण्णवच्या सुरुवातीला, धाकट्या एमिलियाचं लग्न ठरलं. मुलगा पायस, कल्याणला रेल्वेत कामाला, सरळ स्वभावाचा. पण लेंटचे चाळीस दिवस तोंडावर आले होते, आणि त्या उपासाच्या दिवसांत किरिस्तांवांची लग्नं लागत नाहीत. तारीख धरली ईस्टरनंतरची.

अल्फान्सोनं फिडल काढून वाजवून बघितलं. अजून जमत होतं. करंगळी कामातून गेलेली, शेजारचं बोट ओढून ओढून तारेवर पोचायचं. पण ईस्टरपर्यंत? आपल्या वाल्सशिवाय आपल्याच घरातली मुलगी मांडवाबाहेर पडणार, या विचारानं त्याची झोप उडाली. एमिलिया म्हणाली, "बाबा, पॉलला शिकवा ना."

"त्या कुडामागच्या उंदराला? मी जित्ता असेपर्यंत नाय!"

तोड काढली ती होणाऱ्या जावयानं. कल्याणच्या कोर्टात हरिहर नावाचे एक कारकून होते. त्यांनी मुंबईच्या लिलावात फोनोग्राफ घेतला होता. यंत्राला कर्णा होता, त्यात मेणाची नळी फिरायची, आणि नळीवर सूर कोरले जायचे. टिटवाळ्याच्या जत्रेत पायसनं ते यंत्र स्वतः ऐकलं होतं. "कोऱ्या नळीवर कोनाचाबी आवाज धरतात ते," पायस म्हणाला. "मंग पाहिजे तवा वाजवायचा."

अल्फान्सोचे डोळे लकाकले. पॉलला न देता वाल्स राखून ठेवायची सोय देवानं पाठवलीच म्हणायची! लेंटच्या आदल्या शनिवारी फिडल कापडात गुंडाळून तो आगगाडीनं कल्याणला गेला.

हरिहरांनी त्याला घराच्या ओटीवर घोंगडी घालून बसवलं. यंत्र तिथंच चौरंगावर मांडलेलं होतं. हरिहर नाकासमोर चालणारे गृहस्थ, पण यंत्राचं वेड जबर. त्यांची एक अडचण होती. यंत्राबरोबर लिलावात चौदा नळ्यांची एक पेटी आली होती आणि त्या नळ्यांवर काय आहे, ते त्यांना समजत नव्हतं.

"डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीनं गेल्या," ते म्हणाले. "विलायती बँड आहे, एवढं कळतं. लोकांना कोंबड्याची बांग ऐकायची असते, नाटकातली पदं ऐकायची असतात. हे लावलं की माणसं उठून जातात. मी एकटाच ऐकत बसतो दुपारचा. गोड लागतं हो. पण काय गोड लागतं, ते सांगणारं कोणी भेटत नाही."

त्यांनी नळी चढवली, किल्ली दिली. कर्ण्यातून आधी खरखर आली, कोणी साहेब काहीतरी ओरडला, आणि मग बँड सुरू झाला. अल्फान्सोचा पाय आपोआप हलायला लागला. एक ठोका जड, दोन हलके.

"वाल्स हाय हो ह्यो!"

"म्हणजे काय?"

मग काय विचारता! चौदाच्या चौदा नळ्या झाल्या. अल्फान्सोनं यातला एकही वाल्स पूर्वी ऐकलेला नव्हता. कुठल्या गावचे, कोणी बांधलेले, देव जाणे. पण तो ऐकत होता आणि सांगत होता. हा नाचायचा नाही, साहेब लोक जेवताना वाजवायचा. याचा बँडमास्तर म्हातारा असणार, कुठं घाई करत नाही. इथं क्लॅरिनेटवाला चुकला, आणि शेजाऱ्यानं त्याला सांभाळून घेतलं. हरिहर मान डोलावत होते. इतके दिवस ज्या घराच्या बाहेरून फेऱ्या मारल्या त्याचं दार कोणी उघडून द्यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांतली अकरावी नळी मात्र ऐन रंगात आली आणि खरखर करून थांबली.

"पुढं?" अल्फान्सोनं विचारलं.

"नळी संपली. दोन मिनिटंच मावतात."

कुठल्या तरी लांबच्या गावात आपल्यासारखाच कोणी माणूस असेल, आणि त्याच्या चालीचा शेवट नळी भरली त्या खोलीतच राहून गेला, हे अल्फान्सोच्या मनाला फार लागलं.

"आणि यावर नाचतात कसं?" हरिहरांनी उत्सुकतेनं विचारलं.

"मना काय ठाव? फिडलवाला नाचत नाय. त्यानं वाजवायचं, दुसऱ्यांनी नाचायचं."

मग त्याची पाळी आली. हरिहरांनी कोरी नळी चढवली आणि हात केला. अल्फान्सोनं गज ओढला आणि सवयीप्रमाणं चालू लागला. मांडवात नाचणाऱ्यांच्या कडेकडेनं फिरत वाजवायचं हा त्याचा जन्माचा शिरस्ता. तो ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत गेला आणि आला. हरिहर हातवारे करत होते, तर त्याला वाटलं की यांना आवडलं. नळी वाजवून बघितली तेव्हा सूर आधी जवळ, मग लांब, मग विहिरीत पडल्यासारखा. हरिहरांनी मुकाट्यानं नळीवरचं मेण तासून काढलं आणि अल्फान्सोच्या पायांभोवती खडूनं गोल काढला.

"याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही."

त्या गोलात उभं राहून, मिटत चाललेली बोटं ताणून ताणून, त्यानं पहिला भाग वाजवला, दुसरा वाजवला, आणि तिसऱ्याचा पहिला सूर लावतो तोच सुई नळीच्या टोकाला जाऊन थांबली. घाईनं वाजवून बघावं तर तो वाल्स राहत नव्हता. कोरी नळी हरिहरांकडे एवढी एकच होती, आणि आधीचे भाग सोडून तिसरा एकटाच वाजवणं अल्फान्सोला पटेना, तेव्हा शेवटी दोनच भागांवर समाधान मानायचं ठरलं. लग्नाच्या दिवशी यंत्र घेऊन ठाण्याला यायचं हरिहरांनी कबूल केलं आणि नळी पुठ्ठ्याच्या डब्यात कापूस घालून अल्फान्सोच्या हाती दिली.

घरी येऊन त्यानं तो डबा क्रुसाखालच्या फळीवर ठेवला. एमिलियानं विचारलं, "तिसरा भाग?"

"त्यो मावत नाय."

ती कळशी उचलून विहिरीवर गेली. अल्फान्सो मात्र खुशीत होता. जेवताना तो ॲनीला म्हणाला, "आता बोटं गेली तरी हरकत नाय."

ॲनीचा हात ताटावर थांबला. हरकत नाही? याच हातानं या माणसानं मिठागरात फावडं ओढलं होतं, याच हातावर दोन मुली निजवल्या होत्या. वाल्स डब्यात भरला की हात गेला तरी चालेल? ॲनी कमी बोलणारी बाई. पण तिच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

लेंटमधल्या एका शनिवारी वाडीतल्या बायका वांद्र्याला मोत मावलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, दर्शनाला निघाल्या. ॲनीही गेली. मावलीला नवस बोलताना दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिमा वाहायची, हा आपल्या किरिस्तांवांचा जुना रिवाज. पायाचं दुखणं असेल तर मेणाचा पाय, हाताचं असेल तर हात. संध्याकाळी ती परत आली, दमून उंबऱ्यावर टेकली, आणि अल्फान्सोच्या नजरेला क्रुसाखालची रिकामी फळी पडली.

"डबा कुठं हाय?"

"मावलीला वाहिला."

त्याला वाटलं आपण काही भलतंच ऐकलं.

"तिथं मेणाचे हात विकायला होते," ॲनी शांतपणे सांगू लागली. "सगळे सारखे. सरळ बोटांचे. कोनाचे हात ते? कोनाचेच नाय. तुमचा हात त्या नळीत होता. तुमीच बोललात, हात गेला तरी आता हरकत नाय, त्यो नळीत हाय. मंग मी तुमचाच हात मावलीला दिला."

"अगो, वितळवून मेणबत्त्या करतील ना त्या मेणाच्या!"

"वितळवू देत. मावलीपाशी पोचला."

अल्फान्सो संतापानं उठून उभा राहिला. तोंडाला येईल ते बोलला. चाळीस वर्षांच्या कमाईची तू मेणबत्ती केलीस, म्हणाला. ॲनी रडली नाही, की माफी मागितली नाही. तिच्या हिशेबी तिनं घरातली सगळ्यात मोलाची वस्तू देवाला दिली होती, आणि ती नवऱ्यासाठीच दिली होती. चूक म्हणावी तर एवढी निर्मळ चूक मी दुसरी पाहिली नाही.

तो तिच्याशी बोलेनासा झाला. लगेच फिडल काढून बसला, पण शेजारचं बोटही आता तारेपर्यंत पोचत नव्हतं. पुन्हा कल्याणला जाऊन उपयोग नव्हता. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला आणि गेला. गुड फ्रायडेला चर्चमध्ये वाद्यं बंद, घंटाही बंद. त्या सुनसान दुपारी तो अंगणात बसला होता आणि विहिरीवरून एमिलियाच्या गुणगुणण्याचा आवाज आला. आपण कसल्या दिवशी काय गुणगुणतोय याचंही तिला भान नव्हतं. ती तिसरा भाग गुणगुणत होती. मध्ये एका जागी ती अडखळली, पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडखळली.

"बाबा, इथनं पुढं कसा जातो त्यो?"

त्यानं गाऊन दाखवलं. ती म्हणाली, "मना ह्योच पाहिजे होता. नळीत ह्यो नव्हताच."

खरंच की. जिच्यासाठी अल्फान्सोनं दोन आठवडे अबोला धरला होता त्या नळीत लेकीचा भाग नव्हताच. तो अजून फक्त त्याच्याच डोक्यात होता, आणि डोक्यातून बाहेर यायला त्याला आता बोटं नव्हती.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो होडीनं कळव्याला गेला. पॉल दारातच जाळं विणत बसला होता. त्यानं उठून खाट पुढं केली.

"वाल्स शिकवायला आलोय," अल्फान्सो एका दमात म्हणाला. हे शब्द तोंडाबाहेर काढताना त्याला किती कष्ट पडले ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पॉलनं फिडल आणलं आणि दुसरा भाग वाजवला. चारही भलत्या सुरांसकट.

अल्फान्सोचे कान लाल झाले. "ते चार सूर चुकीचे हायत. मी मुद्दाम घातलेले. तू ऐकत होतास म्हनून."

"मना ठाव हाय," पॉल हसून म्हणाला. "त्या टायमालाच समजलं. पन गोड लागले, म्हनून ठेवले. आमच्या कळव्यात आता तसाच वाजतो."

यावर अल्फान्सोला हसू आवरेना. किती तरी दिवसांनी तो हसला होता.

पुढचे दहा दिवस तो रोज खाडी ओलांडत होता. तोंडानं गायचा, पायानं ठोका द्यायचा. तिसऱ्या भागात गज जिथं रेंगाळवायचा ते मात्र पॉलला सांगून समजेना. मग अल्फान्सो त्याच्या समोर बसला. फिडल पॉलच्या हनुवटीखाली, तारांवर पॉलची बोटं, आणि गज अल्फान्सोच्या उजव्या हातात. दोघांनी मिळून एक फिडल वाजवलं. तसं वाजवल्यावर पॉलला समजलं, आणि अल्फान्सोलाही काहीतरी समजलं. देऊन टाकल्यावर चाल कमी झाली नव्हती.

लग्नाच्या दिवशी चर्चमधून वरात आली, मांडवात तळलेल्या फुग्यांचा, म्हणजे गोल पावांचा, आणि मटणाचा वास दरवळला, बायका ओव्या म्हणत बसल्या. हरिहर कबूल केल्याप्रमाणं यंत्र घेऊन आले. नळी नाही, हे समजल्यावर बिचारे हिरमुसले. त्यांना केळी आणि शहाळं देऊन मानाच्या जागी बसवलं. संध्याकाळच्या उन्हात पॉलनं गज उचलला.

पहिला भाग झाला. दुसरा झाला, पॉलनं चारही सूर बरोबर लावले आणि लावताना अल्फान्सोकडे बघून भुवई उडवली. मग जोडपी बाजूला झाली. मांडव मोकळा झाला. तिसरा भाग सुरू झाला आणि सगळे अल्फान्सोकडे बघू लागले.

त्याला समजेना काय झालं. पॉल चुकला का? मग उमगलं. नवरीचा बाप तो होता. आणि या वेळी त्याच्या हातात फिडल नव्हतं.

"हा माझ्या नळीत नव्हता," हरिहर कोणाला तरी हळूच म्हणाले.

एमिलिया समोर येऊन उभी राहिली. चाळीस वर्षं दुनियेला नाचवणाऱ्या माणसाला स्वतःला एक पाऊल येत नव्हतं! वाल्समध्ये बाईचा उजवा हात पुरुषानं डाव्या हातात धरायचा असतो. त्यानं लाजत लाजत तो वाकडा हात पुढं केला. ती बोटं सरळ कधीच होणार नव्हती. पण एमिलियानं आपला हात त्यांत ठेवला आणि ती आधीच वळलेली दोन बोटं तिच्या हाताभोवती बरोबर बसली. जणू दोन वर्षं ती त्याच मापानं मिटत आली होती.

"एक दोन तीन," ती कानाशी पुटपुटत राहिली, आणि तो चुकत, अडखळत, पायावर पाय देत लेकीबरोबर फिरला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. व्हिक्टोरिया मामाबरोबर फिरली होती, ते त्याला आता, सहा वर्षांनी, आठवलं आणि गलबलून आलं. कडेला उभ्या असलेल्या व्हिक्टोरियाकडे त्यानं बघितलं. ती रडत होती आणि हसतही होती.

चाल संपली. एमिलिया पायसजवळ गेली. पॉलनं न सांगता पहिला भाग पुन्हा उचलला, आणि कडेकडेनं चालत वाजवू लागला.

अल्फान्सो ओव्या म्हणणाऱ्या बायकांत बसलेल्या ॲनीसमोर जाऊन उभा राहिला. जवळजवळ महिनाभरानं तो तिच्याशी बोलत होता.

"चल."

"मना? ह्या वयात?"

"लग्नाला तीस वरसं झाली. एकदाबी फिरलो नाय आपन."

ती लुगडं सावरत उठली. तिनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन नीट बघितला, वळलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"मावलीनं तुझं ऐकलं नाय बघ," तो हळूच म्हणाला. "बोटं तशीच."

"बोटं सरळ कर, असं मी मागितलंच नव्हतं," ॲनी म्हणाली. "एमिलियाच्या लग्नात यांचा हात रिकामा राहू देऊ नको, एवढंच बोललेली."

त्यानं पाऊल टाकलं ते थेट तिच्या पायावर. ती कळवळली, हसली, आणि हात न सोडता त्याला ठोका मोजून दाखवू लागली.